सॅक पुढे घ्या

‘आमचा मुलगा मुंबईच्या कॉलेजात जातो’ हे वाक्य चारचौघांत उच्चारता यावे म्हणून डोंबिवलीतील अनेक आईवडील आपल्या अपत्यांना रोज सकाळी फलाटाच्या स्वाधीन करतात. डोंबिवलीत कॉलेजे नाहीत असे मुळीच नाही. परंतु घरापासून दहा मिनिटांवर मिळणाऱ्या विद्येला आमच्याकडे फारशी किंमत नसते, कारण ती मिळवताना कोणी पायावर पाय देत नाही. माझे महाविद्यालय माटुंग्याला असल्यामुळे माझ्या विद्येला भरपूर किंमत आहे.

माटुंगा हे स्थानक जलद गाडीच्या वाटेवर असूनही तिच्या खिजगणतीत नाही. धिम्या गाडीने जायचे तर कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असे प्रत्येकाचे क्षेमकुशल विचारत जावे लागते आणि पहिले लेक्चर विक्रोळीतच संपते. जलद गाडी पकडावी, तर ती कुर्ल्यानंतर थेट दादरला थांबते. शहाणा माणूस दादरला उतरून एक स्थानक मागे येईल. परंतु विद्यार्थ्याला सवलतीचा पास घराजवळच्या स्थानकापासून महाविद्यालयाजवळच्या स्थानकापर्यंतच मिळतो, त्यामुळे माझी विद्यार्थिदशा माटुंग्याला संपते आणि दादरला मी केवळ विनातिकीट इसम उरतो. तेव्हा कुर्ल्याला उतरून धिमी गाडी पकडणे आले.

कुर्ल्याला उतरण्याची तयारी ठाण्यापासूनच सुरू करावी लागते. ‘कुर्ला का?’ असे पुढच्या पाठीला विचारायचे, ‘दादर’ असे उत्तर आले की त्या पाठीला वळसा घालून पुढच्या पाठीकडे वळायचे, आणि हे सर्व चालू असताना चारही दिशांनी येणाऱ्या ‘सॅक पुढे घ्या’ या आज्ञेचे पालन करायचे. सॅक पुढेच असते. तरीही ही आज्ञा होते, कारण विद्यार्थी दिसला की ती द्यायचीच असते.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या दिवशी माझ्या खांद्याला शीट होल्डरही असतो. ही दीड हात लांबीची काळी प्लास्टिकची नळी उभी धरली तर मागच्या गृहस्थांच्या हनुवटीला लागते आणि आडवी धरली तर दोन अनोळखी माणसांत भांडण लावते. एका काकांनी तिच्याकडे बराच वेळ संशयाने पाहिल्यावर मी स्वतःहून खुलासा केला.

‘काका, ड्रॉइंगशीट आहे.’

‘मग घडी घालून ठेव की सॅकमध्ये!’

एका शीटवर रात्र घालवलेल्या माणसाने यावर काय बोलावे? हे काका आपल्या मुलाच्या जन्मपत्रिकेचीही घडीच घालत असणार असे वाटले, त्यामुळे मी गप्प बसलो. म्हणजे उभाच होतो.

एकदा तर कुर्ल्याला मी दारापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात चढणाऱ्यांच्या लोंढ्याने मला, नळीला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या दोन होतकरू उतारूंना पुन्हा आत नेऊन ठेवले. दादरच्या जिन्यावर तिकीट तपासनीस उभे होते.

‘पास माटुंग्याचा आहे. इथे काय करताय?’

‘साहेब, कुर्ल्याला उतरू दिलं नाही.’

‘कोणी?’

मी निघून गेलेल्या गाडीच्या दिशेने बोट केले. त्यांनी सहानुभूतीने मान डोलावली आणि २५० रुपयांच्या दंडाची पावती फाडली. भाडे त्यावर वेगळे घेतले, त्यामुळे व्यवहार चोख झाला याविषयी शंका राहिली नाही.

एवढ्या खटाटोपाचे कारण म्हणजे ७५ टक्के हजेरी. सुदैवाने पहिल्या लेक्चरचे सर बदलापूरला राहतात आणि ते बहुधा माझ्याच गाडीला असतात. कुर्ल्याच्या फलाटावर आमची नजरानजर होते, परंतु गुरुशिष्यांनी एकमेकांना अशा अवस्थेत पाहू नये या संकेतानुसार आम्ही ओळख दाखवत नाही. माटुंग्याला उतरल्यावर दोघेही झपाझप चालू लागतो. सरांकडे फक्त चामडी बॅग असल्यामुळे ते हमखास माझ्या पुढे जातात आणि वर्गात शिरताच कॅटलॉग उघडतात. मात्र धाप लागलेली असल्यामुळे पहिले काही क्रमांक पुकारायला त्यांना बराच वेळ लागतो, आणि माझा क्रमांक सत्तेचाळीस आहे.