आठ जीबीत लग्न उरकायची कला

व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय? मग रॅमचा, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीचा, विचार घरून करून जाऊच नका. थेट एमजी रोड गाठा, दुकानदार पाजेल तो चहा प्या आणि तो म्हणेल ते घ्या. "आठ जीबी रगड झाली साहेब, आमचा पोरगा यावरच गेम खेळतो." पोरगा गेम खेळतो म्हटल्यावर तुमचं फोर-के लग्न लोण्यासारखं सरकणारच.

रॅमच्या दोन स्टिका मागू नका, एकच घ्या. दोन स्टिका जोडीने जास्त वेगात चालतात, त्या ड्युअल चॅनलचं काय एवढं, घरी केबल आहे की.

जुन्या पीसीतली डीडीआर४, म्हणजे मागच्या पिढीची रॅम, नव्या डीडीआर५च्या स्लॉटमध्ये दाबून बघा. खाच जुळत नाही, पण आपल्या अंगठ्यात जोर आहे.

आणि "नंतर वाढवता येते" यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. मी ठेवला. मागच्या महिन्यात निफाडच्या लग्नाचा टायटल ट्रॅक आफ्टर इफेक्ट्समध्ये लावला. हे सॉफ्टवेअर प्रिव्ह्यूच्या फ्रेम रॅममध्ये साठवतं. फोर-केची एक फ्रेम म्हणजे 3840 गुणिले 2160 पिक्सेल, रंगाला आठ बिट धरले तर साधारण 33 एमबी. सेकंदाला 25 फ्रेम. म्हणजे दहा सेकंदांनाच आठ जीबी हवी, आणि त्यातली तीन-चार तर विंडोजनेच आधी गिळलेली! नवरीच्या डोक्यावर अक्षता हवेतच लटकल्या, माउसचा बाण गोल फिरतोय, आणि नवरीच्या मामांचा तिसरा फोन. शेवटी रॅम वाढवायला गेलो. रिपेअरवाल्या पोराने बारके स्क्रू चहाच्या बशीत काढून ठेवले, मागचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिला. स्लॉटच नाही. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली. वाढवा आता! काय वाढवता, कप्पाळ?

अहो, द्राक्षं घेताना घडातला मणी तोंडात टाकून बघता ना? मग सत्तर हजार मोजताना "स्लॉट किती, सोल्डर आहे का" एवढं विचारायला जीभ का अडखळते? मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. फुल एचडीला 16 जीबी, फोर-केला 32, वर इफेक्ट्सचा पसारा असेल तर 64. परवडत नसेल तर निदान रिकामा स्लॉट असलेला तरी घ्या. मलाही हे माहीत होतं, तरी चहा पीत बसलो.

आणि दुकानदार शेठ, तुमच्या त्या पोराचं लग्न ठरलं की शूटिंगला मलाच बोलवा. याच लॅपटॉपवर करून देतो.