फोनवर तर पैठणी दोन हजारांत मिळते!

पैठणला मागावर बसले की आठवड्यातून दोन-तीनदा हे ऐकावंच लागतं. अहो ताई, ती यंत्रमागावरची! तिचा पदर उलटा करून बघा, मागं धागे लोंबत असतील नाहीतर कापलेले असतील. आमचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. कारण एकेका रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, हातानं उभ्या धाग्यांतून काढायची, शेजारच्या रंगात अडकवायची, परत वळवायची. नक्षी दाट असली की अख्ख्या दिवसात पदर चार बोटंच सरकतो. मान आखडते, डोळ्यांतून पाणी येतं. भरगच्च पदराच्या पैठणीला महिनोन् महिने जातात, आणि रेशीम-जरीचे पैसे आधीच घातलेले असतात.

तरी म्हणायचं, "घरबसल्या काम, त्याची कसली एवढी मजुरी?" हे मात्र फार लागतं जिवाला.

परवा एक बाई माझ्या मागावर बसून फोटो काढून गेल्या. लेकीच्या लग्नाचा बस्ता होता. पैठणी घेतली यंत्रमागाचीच, आणि पाहुण्यांना सांगणार पैठणहून आणली म्हणून. अहो, निदान तेवढं तरी सांगू नका.