१००% म्हणे! कसले १००%?

काल रात्री संगणकाच्या सीडी ड्राइव्हने सातव्यांदा मला सांगितलं, 'कॉपी यशस्वी'. हिरवी टिकली, १००%. हेडफोन लावून ऐकतो तर आलापात ऐन न्यासाच्या जागी 'टक्'. तानपुऱ्यात खडा पडल्यासारखा. अरे, यशस्वी कुणाच्या दृष्टीने?

बाबांच्या सीड्या आहेत या. शास्त्रीय, नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. निम्म्या काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून, पगार झाला की एक अशा बेताने घेतलेल्या. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं आणि यातल्या बऱ्याच सीड्या आता पैसे मोजूनही मिळत नाहीत. म्हणून एकदाच, नीट, एक बिट इकडचा तिकडे न होता कॉपी करून ठेवायच्या. एवढीच इच्छा. चंद्र मागितलेला नाही.

आधी शहाणपणा केला आणि एका दुकानात दहा सीड्या दिल्या. 'सर, लॉसलेस करून देतो, फ्लॅकमध्ये.' लॉसलेस म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता, आणि फ्लॅक हा तशा फाइलचा प्रकार. घरी आणून ऐकलं तर विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे प्रत्येक वेळी एक उचकी. मूळ सीडीवर तिथे फक्त ट्रॅक बदलतो, आवाज तुटत नाही. शंका आली म्हणून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या उंचीचा आवाज किती आहे त्याचा आलेख, काढून पाहिला. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सपाट, काही म्हणजे काही नाही! म्हणजे गड्याने आधी १२८ चं एमपी३ केलं, म्हणजे आवाज गाळून फाइल लहान केली, आणि त्याला फ्लॅकचा सदरा चढवला. विचारायला गेलो तर म्हणे, 'फाइल मोठी आहे ना सर? मग लॉसलेसच.' धन्य!

मग स्वतः बसलो, आणि कळलं की मूळ खोड सीडीतच आहे. डेटाच्या सीडीवर एका सेक्टरमध्ये, म्हणजे एका छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माल असतो आणि बाकीची जागा चुका पकडायला, दुरुस्त करायला राखलेली असते. ऑडिओ सीडीवर २३५२ च्या २३५२ बाइट गाण्यालाच दिलेले. चुका सुधारायची एक पातळी तिथेही असते, पण ओरखडा तिच्या आवाक्याबाहेरचा निघाला की ड्राइव्ह शेजारचे आवाज बघून मधला आवाज अंदाजपंचे दाहोदरसे भरतो आणि पुढे जातो. सांगत नाही! सेकंदाला असे ७५ सेक्टर. कुठला खरा आणि कुठला थापेचा, शोधा आता.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर वापरा, त्यातला सिक्युअर मोड लावा. तो प्रत्येक जागा निदान दोनदा वाचतो, जुळलं नाही तर सोळा-सोळा वेळा. एका सीडीला दोन तास लागले तरी माझी तक्रार नाही. मग ॲक्युरेटरिप नावाचा ऑनलाइन डेटाबेस तुमची कॉपी जगातल्या इतरांनी केलेल्या कॉपीशी ताडून बघतो. केवढी सुंदर कल्पना! इंग्रजी पॉपची सीडी घाला, शेकडो लोकांशी जुळते. माझं नाट्यसंगीत घातलं की उत्तर येतं, 'ही डिस्क डेटाबेसमध्ये नाही'. चारशे सीड्यांत जेमतेम नऊ सापडल्या. बाकीच्या कुणी कॉपीच केल्या नाहीत का रे? की सगळ्यांनी त्या दुकानदाराकडेच दिल्या?

राहिला एकच मार्ग, दोन वेगळ्या ड्राइव्हवर तीच सीडी वाचायची आणि चेकसम, म्हणजे फाइलमधल्या बिटांवरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळवायचे. दुसरा ड्राइव्ह आणला. एकही ट्रॅक जुळेना! रविवार घालवल्यावर उलगडा झाला: ड्राइव्हचं प्रत्येक मॉडेल ठरावीक सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, पुढे-मागे वाचायला सुरुवात करतं. त्याला ऑफसेट म्हणतात, तो आधी सेट करायचा. आणि तो तपासायला काय लागतं? डेटाबेसमध्ये असलेली सीडी! त्या नवांतल्या पाचांवर ओरखडे, चार बाबांनी दरम्यान कुणाला तरी ऐकायला दिलेल्या. शेवटी शेजारच्या मुलीकडून कुठल्यातरी इंग्रजी बँडची सीडी मागून आणली, तेव्हा कुठे आमच्या मारव्याचं गाडं हललं. ट्रॅकच्या नावांचं तर बोलूच नका. तीन ट्रॅकच्या ख्यालाच्या सीडीला आपोआप आलेली माहिती जर्मन टेक्नोची होती.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आज मेहुण्यांचा फोन आला. बाबांच्या चाळीस सीड्या गेली दोन वर्षं त्यांच्याकडे होत्या. 'अहो, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? मी सगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी केल्यात. पाच मिनिटांत झाल्या!' पाच मिनिटांत चाळीस? माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, एका फाइलचं नाव वाचून दाखवा.

'ट्रॅक ०१ डॉट सीडीए.'

सीडीए म्हणजे गाणं नव्हे हो! ती नुसती चिठ्ठी असते, हा ट्रॅक सीडीवर कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढंच सांगणारी. चव्वेचाळीस बाइटची. पाऊण तासाचा भूप, चव्वेचाळीस बाइटमध्ये!

म्हटलं, असू दे, मूळ सीड्या तेवढ्या जपून ठेवा, मी रविवारी येऊन घेऊन जातो.

'त्या होय? त्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिल्या की.'