‘निरीक्षक’ यांना उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

कंबोडियातल्या 1993च्या, यूएनने घेतलेल्या निवडणुकीवर मी लिहिलं, त्याखाली ‘निरीक्षक’ म्हणतात: “तारीख चूक. सगळा बनाव होता, हरलेला हुन सेनच पंतप्रधान झाला आणि 1997ला त्याने सगळंच गिळलं. एसीत बसून नेटवर वाचून असले लेख कोणीही पाडेल.”

तारखेचं मान्य. मतदान 23 मेला सुरू झालं, मी 25 लिहिलं. दुरुस्त केलंय. खूश?

आता तो एसी. साहेब, मी फ्नॉम पेन्हमध्ये तीन वर्षं कपड्यांच्या फॅक्टरीत काढलीत, एसी फक्त मालकाच्या केबिनला होता. माझी घरमालकीण 1993ला कांपोंग चामला राहायची. ख्मेर रूजचा (पोल पॉटचे कम्युनिस्ट बंडखोर) बहिष्कार, वर धमक्या, तरी ही बाई ठेवणीतले कपडे घालून पहाटेच रांगेत. बोटाची शाई नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही, निळसर दिव्याखाली धरलं की चमकायची, आणि इतक्या वर्षांनी ते बोट ती माझ्यासमोर असं नाचवायची की जणू आत्ताच दिव्याखालून काढलंय. नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक आले होते हो मतदानाला! त्या बाईसमोर ‘बनाव’ म्हणून दाखवा, मग बघू.

बरं, बनाव केला तरी कोणी? सैन्य, पोलीस, प्रांतांचा कारभार तेव्हाचा पंतप्रधान हुन सेनच्या पक्षाकडे, आणि 120 पैकी जागा मिळाल्या 51, राजपुत्र रणरिद्धच्या फुन्सिन्पेक पक्षाला 58. असला बनाव करणारा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही होणार नाही. उलट पेट्यांची सीलं तुटली म्हणून बोंब मारली ती याच हरलेल्यांनी, यूएनवाले सांगून थकले की प्लास्टिकची सीलं वाहतुकीत तुटली. मग रणरिद्धचाच सावत्र भाऊ चक्रपोंग पूर्वेकडचे प्रांत तोडून घ्यायला निघाला, नव्या घटनेला दोन-तृतीयांश म्हणजे 80 मतं हवी होती ती कुणाकडेच नाहीत, आणि शेवटी एका देशाला दोन पंतप्रधान, रणरिद्ध पहिला, हुन सेन दुसरा. म्हणजे पेटी साफ होती, डल्ला मोजणीनंतर मारला. हेच लेखात आहे, चौथा परिच्छेद, पण तारखेपुढे वाचायची तसदी कोण घेतंय म्हणा.

1997ला हुन सेनने रणरिद्धला बळाने हटवलं, त्याचं नंतर कधीतरी, मूड असला तर.

आणि पुढच्या वेळी टोपणनाव काढून या. माझं लेखावरच आहे.