बावीस पानांची वही

पत्नीची 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपत आली, तशा आमच्या मुलुंडच्या घरात बाळ कोण सांभाळणार या एकाच विषयावर सकाळ-संध्याकाळ बैठका होऊ लागल्या. अखेर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ओळखीने भांडुपच्या एक मावशी मिळाल्या. सोमवारपासून त्यांनी कामाला यायचे आणि आदल्या रविवारी घर समजून घ्यायचे, असे ठरले. पत्नीने त्यांच्यासाठी पोहे केले. मी बावीस पानांची वही लिहिली.

बाळाच्या नाचणीच्या सत्त्वाची वाटी कोणती, सहा वर्षांच्या थोरल्या कन्येची शाळेची बस कोठे थांबते, पाइपच्या गॅसचा मुख्य खटका कोठे आहे, गीझरच्या दोन बटणांपैकी खरे कोणते आणि शोभेचे कोणते, सारे वहीत होते. वही आणि घराची जास्तीची चावी मी मावशींच्या हाती सोपवली. त्यांनी वही आदराने मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा."

रात्री जागून लिहिलेला मजकूर दिवसाउजेडी मोठ्याने वाचणे हा अनुभव कोणावरही येऊ नये. 'बाळ रडल्यास' या प्रकरणात मी अकरा कारणे दिली होती. सहाव्या कारणापाशी बाळ खरोखरच रडू लागले, म्हणून मी घाईने सातव्याकडे वळलो. तेवढ्यात मावशींनी त्याला खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवला, त्याने ढेकर दिला आणि ते झोपले. ढेकर अकराव्या क्रमांकावर होता.

औषधांच्या पानावर मात्र मी ठाम होतो. पॅरासिटामॉलचे सिरप पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते, त्यामुळे एका बाटलीचे माप दुसरीला लावले तर मात्रा दुपटीहून अधिक होते, हे मी दोन्ही बाटल्या हातात धरून समजावले. मावशींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दादा, एक बाटली टाकून द्या की." ती दुसरी बाटली आमच्या घरात का होती, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

माझा विजय झाला तो एकाच बाबतीत. आमच्याकडे बाळाला पहिल्याच दिवशी मधाचे बोट चाटवतात, असे त्या सहज बोलून गेल्या आणि मी संधी साधली. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात, एक वर्षाच्या आतल्या बाळाची आतडी त्यांना रोखण्याइतकी तयार नसतात आणि त्यातून गंभीर आजार होऊ शकतो, हे मी इतक्या तपशिलाने सांगितले की स्वयंपाकघरातून पत्नीने "कळलं त्यांना!" असा आवाज दिला. "नाही देत मध," मावशी म्हणाल्या. त्या दिवसभरात हे यश मी तीन जणांना फोन करून कळवले.

पावसाच्या पानावर पुन्हा पडझड झाली. लोकल बंद पडल्या तर आम्हाला यायला उशीर होईल आणि आपण घाबरू नये, असे मी वाचत होतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, हा दाखलाही मी दिला. मावशींनी मान डोलावली. त्या दिवशी त्या घाटकोपरला कोणाची तरी जुळी मुले सांभाळत होत्या, त्यांचे आईवडील दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले, आणि रात्रभर वीज नसताना त्यांनी दोघांना मऊ भात भरवून गोष्टी सांगून झोपवले होते. मी ते पान उलटले.

तोवर पत्नी भाजी आणायला गेली होती. सतरावे पान लॅचचे होते. मुंबईत लॅचचे दार वाऱ्याने बंद होऊन मोठी माणसे बाहेर आणि मूल आत, हा प्रकार ज्याच्या त्याच्या इमारतीत एकदा तरी घडलेला असतो. तो कसा घडतो हे दाखवण्यासाठी मी मावशींना जिन्यावर घेऊन गेलो, आणि तो घडला. मी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर, अनवाणी. आत झोपलेले बाळ आणि चित्रे रंगवणारी कन्या.

"दार उघड गं, बाबा आहे!"

"घरात मोठं कुणी नसेल तर दार उघडायचं नाही," आतून शांत उत्तर आले.

"अगं, आवाज ओळख माझा!"

"आवाज ओळखीचा वाटला तरी उघडायचं नाही, असं तूच सांगितलंयस."

समोरच्या फ्लॅटचे दार मात्र न सांगता उघडले. शेजारच्या आजोबांनी मला आपादमस्तक पाहिले आणि ते काहीही न विचारता आत गेले, ते मला अधिक लागले. मी पुन्हा घंटेकडे हात नेला, तेव्हा मागून मावशी म्हणाल्या, "घंटा नका वाजवू, बाळ उठेल." त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, सकाळी मीच दिलेली चावी काढली, दार उघडले आणि चपला बाजूला सारत विचारले, "दादा, अठरावं पान राहिलं ना?"