चिमट्याबद्दल तुमचं बरोबर, मागच्या ब्रेकबद्दल नाही

नमस्कार काका,

पस्तीस वर्षं लेथवर काढली असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणते. रिकम्बंटला, म्हणजे रेलून, पाय पुढे ताणून चालवायच्या सायकलला, पुढे डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याशी बसवलेल्या चकतीला धरणारा) बसवल्याच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्या आहेत. वीस इंची लहान चाकाला डिस्क मोठी होते, ती नुसती हौस; रिमला रबराने दाबणारा व्ही-ब्रेक पुरतो. पुढचा ब्रेक जोरात लागला की माणूस तोंडावर जातो, खरा ब्रेक मागचा. आणि जुन्या चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) डिस्क ब्रेक बसवायचे कान वेल्ड करून घ्या असं लिहिणं म्हणजे ‘लोकांचे दात पाडायचा उद्योग’.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. ते वाक्य मी काल रात्रीच लेखातून काढून टाकलं. खरं तर ते लिहायलाच नको होतं, कारण तो प्रयोग मी स्वतः करून सोडून दिला होता आणि लेखात त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका फॅब्रिकेटरकडून मी जुन्या चिमट्याच्या डाव्या पायाला कान लावून घेतले होते. टाका दिसायला सुंदर होता. पण उष्णतेने पाय ओढला गेला, चाक वाकडं बसायला लागलं आणि कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन पॅडमध्ये धरणारा भाग, कितीही सरकवला तरी डिस्क एका पॅडला घासतच राहिली. त्या चिमट्यावर मी एक किलोमीटरही गेले नाही. नंतर तयार कान असलेला २० इंची स्टीलचा चिमटा मिळवला. आज माझ्या सायकलला आहे तो हाच.

चाक सरळ बसलं असतं तरी तो चिमटा धोक्याचाच होता. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वेल्डिंगचा विचार करणारे बाकीचे वाचतील म्हणून लिहिते. माझं आणि सायकलचं मिळून वजन ९५ किलो. गुरुत्वाच्या निम्म्या जोराने थांबायचं तर टायरपाशी साधारण ४७ किलोचा जोर लागतो. टायर धरून चाकाची त्रिज्या २४७ मिलिमीटर आणि १६० मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड जिथे धरतात तिथली त्रिज्या सुमारे ७३. म्हणजे कॅलिपरवर तोच जोर ३.४ पट होऊन येतो, जवळपास १६० किलो, आणि तो सगळा एकट्या डाव्या पायावर. रिम ब्रेकच्या चिमट्यात ब्रेकचा जोर वर, दोन पाय जुळतात त्या मुकुटापाशी शिरतो. खाली वाकवणारा जोर कमी, म्हणून पाय खाली निमुळते आणि पातळ केलेले असतात. डिस्कचा जोर नेमका त्या पातळ भागात शिरतो, आणि वेल्डिंगच्या तापाने कमजोर झालेला पट्टाही तिथेच असतो. ॲल्युमिनियमचा चिमटा असेल तर विषयच संपला. वेल्ड केल्यावर पुन्हा उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय त्याची ताकद परत येत नाही, आणि आपल्याकडचा वेल्डिंगवाला ती करत नाही.

याच्याच जोडीची एक गोष्ट तुम्ही काढली नाहीत, पण मला ती कानांइतकीच महत्त्वाची वाटते. कॅलिपर डाव्या पायाच्या मागे बसतो. तिथे डिस्क खालून वर फिरत असते. पॅडने तिला धरलं की चाक खाली ढकललं जातं, म्हणजे ड्रॉपआउटच्या (चिमट्याच्या टोकाला ॲक्सल बसते त्या खाचेच्या) उघड्या तोंडाकडे. चाक आवळणारी खटक्याची दांडी, क्विक रिलीज, सैल असेल तर जोराच्या ब्रेकला चाक चिमट्यातून निसटू शकतं. २००३ साली जेम्स ॲनन या ब्रिटिश संशोधकाने हे मांडलं आणि त्यावर बरीच वादावादी झाली. मी त्यावर उपाय म्हणून क्विक रिलीज काढून नटाचा भरीव ॲक्सल घातला, आत दात असलेले वॉशर टाकले. पंक्चर काढायला १५ नंबरचा पान्हा बरोबर ठेवावा लागतो, तो ठेवते.

आता मागच्या ब्रेकबद्दल. इथे मात्र मला तुमचं म्हणणं मान्य नाही, आणि हे ठामपणे लिहिते, कारण अनेक नवे रिकम्बंटवाले हेच ऐकून मागच्या ब्रेकवर विसंबतात.

घरचा वजनकाटा पुढच्या चाकाखाली ठेवला, मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीच्या विटा रचल्या, भावाला सायकल धरायला लावली आणि वर बसले. पुढे ५२ किलो, मागे ४३. हे नुसतं उभं असताना. ब्रेक लागला की भार आणखी पुढे सरकतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक लगेच लॉक होतं आणि घसरतं. सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर खडूने रेघ मारून ताशी २५ किलोमीटरवरून थांबून पाहिलं. फक्त मागचा ब्रेक: अकरा मीटरच्या आसपास, आणि शेवटच्या टप्प्यात मागचं चाक आडवं जातं. दोन्ही ब्रेक, जोर पुढच्यावर: पाच मीटर. रस्ता कोरडा होता. सहा मीटर म्हणजे दोन रिक्षा एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा.

तोंडावर जाण्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. उभ्या सायकलवर माणूस उंच बसतो, ती भीती खरी आहे. रिकम्बंटवर आपण खाली आणि रेलून बसतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरवर येतो, म्हणून मागचं चाक उचललं जायला उभ्या सायकलपेक्षा जास्त जोर लागतो. माझी सायकल आखूड व्हीलबेसची आहे, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर फार जोरात दाबलं तर मागचं चाक हलकं झालेलं कळतं. लांब व्हीलबेसच्या सायकलवर तेही होत नाही. पण एक तोटा आहे. उभ्या सायकलवर कंबर मागे ढकलून तोल सावरता येतो. इथे पाठ सीटला चिकटलेली, अंग हलवता येत नाही. म्हणून ब्रेक एकदम कडक लागण्यापेक्षा बोटाच्या दाबाप्रमाणे हळूहळू वाढणारा हवा. चांगला डिस्क ब्रेक मला तेच देतो.

व्ही-ब्रेक हे करत नाही का? कोरड्यात करतो. पावसात नाही. मागच्या जुलैत उपवनकडे येऊरचा उतार उतरत होते. शेवटच्या वळणावर लिव्हर दाबला आणि काहीच झालं नाही. रबर पाणी पुसत राहिले, चाक फिरत राहिलं, आणि मग एकदम ब्रेक धरला. समोर वळणारी रिक्षा होती. तिच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर मी थांबले. पाय पुढे ताणून बसलेल्या माणसाचं पहिलं काय धडकणार, हे तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही. डिस्क घ्यायचं ठरलं ते त्या रात्री. हौस या शब्दाने म्हणूनच मला वाईट वाटलं.

लहान चाकावर रिमचे हाल जास्त होतात. वीस इंची चाक सव्वीस इंचीपेक्षा सुमारे १.३ पट जास्त फिरतं, तेवढ्याच वेळा रिमचा प्रत्येक भाग रबराखालून जातो. घोडबंदर रोडच्या कामांचा चिखल आणि बारीक खडी त्यात सापडली की रिमची भिंत झिजते. रिमची खालची कड रस्त्यापासून साडेचार सेंटिमीटरवर असते, डिस्कची साडेसोळावर. आपल्याकडच्या डबक्यांत हा फरक फार मोठा आहे. उष्णतेचंही तेच. ९५ किलो वजन १०० मीटर खाली आणताना ब्रेक धरूनच उतरलात तर पाव लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता तयार होते. लहान रिममध्ये धातू कमी, आत ट्यूब. डिस्क तापली तर ट्यूबला त्याची झळ नाही.

डिस्क लहान चाकाला मोठी होते, हा तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. १६० ची डिस्क वीस इंची चाकावर जेवढी पकड देते, तेवढ्यासाठी सव्वीस इंचीला २०३ ची लागेल. मी १४० ची घेतली असती तरी चाललं असतं.

दोनतीन बारीक गोष्टी तुम्ही विचारल्या होत्या. ब्रेक केबलचा आहे, हायड्रॉलिक नाही. केबल तुटली तर कोपऱ्यावरचा सायकलवाला बदलून देतो. लिव्हर व्ही-ब्रेकचाच ठेवलाय, म्हणून कॅलिपरही लांब ओढीचा (जास्त केबल ओढणाऱ्या लिव्हरला जुळणारा), माउंटन बाइकवाला घेतला. रोड बाइकच्या लिव्हरचा कॅलिपर त्यावर नीट चालत नाही. नवा चिमटा जुन्यापेक्षा दोन सेंटिमीटर उंच निघाला, त्याने हेडचा (चिमटा ज्या नळीत फिरतो तिचा) कोन जवळपास एक अंशाने मागे कलला आणि हळू चालताना हँडल थोडं आळशी वाटतं. टाच कॅलिपरला लागते का, हे हँडल पूर्ण वळवून, पॅडल फिरवून आधीच पाहिलं. बूट घालूनच पाहा, अनवाणी पायाने अंदाज चुकतो.

वेल्ड केलेला जुना चिमटा अजून घरी आहे. तो कुणाला द्यायचा नाही म्हणून मी त्याचे पाय कापून ठेवलेत. टाक्याजवळचा काप तुम्हाला पाहायचा असेल तर रविवारी सकाळी सहाला मी उपवन तलावाजवळ असते. येताना घेऊन येईन. माझ्या सायकलच्या डाव्या पायावरून एकदा तुमचीही नजर फिरली तर बरं वाटेल.