सँडी डेनी आणि १९६९चा तो निर्णय : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

इंग्लिश गायिका सँडी डेनीवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने मतभेद नोंदवलेत, याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, १९६९च्या अखेरीस फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा तिचा लोकसंगीत-रॉक बँड यशाच्या उंबरठ्यावर असताना बँड सोडणे हा तिचा निव्वळ लहरीपणा होता. आपल्या मते ती मुळात पारंपरिक गाणी उत्तम गाणारी गायिका होती, आणि गीतकार म्हणून मी तिला दिलेले स्थान अवास्तव आहे.

त्या डिसेंबरात आलेल्या फेअरपोर्टच्या ‘लीज अँड लीफ’ या ध्वनिमुद्रिकेची श्रेयनामावली कृपया एकदा पाहावी. ब्रिटनमधील जुनी कथागीते आणि विजेवरची वाद्ये यांचा जो मेळ या ध्वनिमुद्रिकेत बसला, त्याचे मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. परंतु तीत सँडीच्या नावावर केवळ ‘कम ऑल ये’ हे एक गीत आहे, आणि तेही बँडचा बेसवादक ॲशली हचिंग्जसोबत लिहिलेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात व्हॅनच्या अपघातात ड्रमवादक मार्टिन लॅम्बल दगावल्यानंतर बँडने परंपरेची वाट धरली होती आणि त्या वाटेवर तिच्या स्वतःच्या गाण्यांना फारशी जागा उरली नव्हती. विशेष म्हणजे हचिंग्जनेही त्याच सुमारास बँड सोडला, तो मात्र परंपरेत आणखी खोल जाता यावे म्हणून. तिचा प्रियकर, गिटारवादक ट्रेव्हर ल्यूकस याच्या सहवासाची ओढ हेही सँडीच्या निर्णयामागचे एक कारण होते, हे मी नाकारत नाही. पण १९७०मध्ये त्याच्यासोबत काढलेल्या ‘फॉदरिंगे’ या बँडच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ‘नथिंग मोअर’, ‘द सी’, ‘विंटर विंड्स’ अशी तिची गाणी एकामागून एक येतात, त्याला लहर कसे म्हणावे?

राहिला गीतकार असण्याचा प्रश्न. ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’ हे गीत तिने फेअरपोर्टमध्ये येण्यापूर्वीच, विशीच्या आसपास लिहिले; १९६७मध्ये स्ट्रॉब्ज या बँडसोबत ते ध्वनिमुद्रित केले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन गायिका जूडी कॉलिन्सने ते गाऊन आपल्या ध्वनिमुद्रिकेला त्याचेच नाव दिले. हे गीत सावकाश ऐकावे. निघून जाणारे पक्षी आणि ओस किनारा एवढ्या सामग्रीवर ते उभे आहे. प्रश्न विचारला जातो, उत्तर दिले जात नाही. भावना उघड न सांगता निसर्गातील दृश्यावर सोपवण्याची ही रीत जुन्या लोकगीतांचीच आहे, आणि म्हणूनच तिच्यातील गायिका व गीतकार यांना वेगळे काढणे मला पटत नाही. पुढेही १९७१च्या एकल ध्वनिमुद्रिकेत स्वतःच्या गाण्यांच्या जोडीला तिने ‘ब्लॅकवॉटरसाइड’ हे पारंपरिक गीत घेतलेच.

तिच्या नंतरच्या ध्वनिमुद्रिका कमकुवत असल्याचे आपण लिहिले आहे, ते बऱ्याच अंशी खरे आहे. १९७७च्या ‘राँदेव्हू’मध्ये वाद्यवृंदाचा भार इतका वाढला आहे की आवाजाला श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेल्याने ते दुरुस्त करण्याची संधी तिला मिळाली नाही. तथापि त्या ध्वनिमुद्रिकेवरून १९६९च्या निर्णयाचा निवाडा करू नये, अशी माझी विनंती आहे. त्याऐवजी १९७२ची ‘सँडी’ ऐकावी, आणि तीतही ‘इट्ल टेक अ लाँग टाइम’ आधी.